फुकटच्या बागेत मुलांना कसं न्यावं

मे महिन्यात पुण्याला नातेवाइकांकडे उतरलेल्या नवशिक्या आईबापांसाठी ही मार्गदर्शिका आहे. जुन्याजाणत्यांनी वाचायला हरकत नाही, फक्त मध्येमध्ये 'हे आम्हाला ठाऊकच होतं' असं म्हणू नये.

बागेची वेळ झाली हे कसं ओळखावं

पहिल्या दिवशी मुलं गुणी असतात. दुसऱ्या दिवशी सोफ्याच्या पाठीवरून उड्या सुरू होतात, आजोबांच्या औषधांच्या डबीचा खुळखुळा होतो आणि वहिनी 'असू दे हो, लहान आहेत' असं दात आवळून म्हणू लागतात. हे वाक्य तिसऱ्यांदा कानावर आलं की चपला शोधायला घ्याव्यात.

नवशिका बाप अशा वेळी मोबाइल काढून वॉटरपार्क शोधतो. चौघांची तिकिटं, त्यावर सक्तीचे नायलॉनचे कपडे, लॉकरचं भाडं, जाण्यायेण्याची गाडी, एवढी बेरीज झाली की मोबाइल परत खिशात जातो. मग मॉलमधल्या गेम झोनचा विषय निघतो. तिथे कार्डात पैसे भरावे लागतात आणि ते मुलांच्या आधी दमतात.

पैशांपेक्षाही मोठी अडचण आहे ती बापाच्या स्वभावाची. तिकीट काढलेल्या ठिकाणी मूल दमलं, कंटाळलं, रडकुंडीला आलं तरी बाप त्याला सोडत नाही. 'ती निळी घसरगुंडी राहिली ना अजून? जा, पैसे भरलेत.' मूल खेळत असतं आणि बाप वसुली करत असतो. फुकटच्या बागेत वसूल करण्यासारखं काही नसतं. अर्ध्या तासात उठून घरी आलात तरी कुणाचं काही बुडालेलं नसतं. मुलाने सगळा वेळ मुंग्यांची रांग बघण्यात घालवला, एकाही खेळण्याला हात लावला नाही, तरी तुमच्या पोटात दुखायचं कारण नाही. माझ्या मते बागेचा खरा गुण हाच. झाडं, स्वच्छ हवा वगैरे त्याच्या मागून येतात.

कोणती बाग

सगळ्यात जवळची. यजमानांना विचारलंत तर ते भिडेपोटी लांबची नावं घेतील. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान सुचवतील. ते जपानच्या ओकायामामधल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं आहे आणि देखणंच आहे. पण ती हळू चालत बघायची बाग आहे. सहा वर्षांच्या मुलाला तिथे नेणं म्हणजे त्याला दीड तास 'अरे, सावकाश' ऐकवणं. ती बाग तुम्ही दोघं पुढच्या खेपेला बघा, मुलांना आजीपाशी ठेवून.

तुम्हाला हवी आहे ती गल्लीच्या टोकाची, महापालिकेची बाग. तिला फाटकावर कुणा थोर व्यक्तीचं लांबलचक नाव दिलेलं असतं, पण त्या नावाने तिला कुणीच ओळखत नाही. रिक्षावाल्याला ते नाव सांगितलंत तर तोच तुम्हाला पत्ता विचारेल. 'पाण्याच्या टाकीजवळची बाग' किंवा 'दवाखान्यासमोरची' असं विचारावं.

निघण्याची वेळ

पुण्यातल्या महापालिकेच्या बहुतेक बागा सकाळी उघडतात, भर दुपारी बंद होतात आणि उन्हं कलताना पुन्हा उघडतात. पुणं आणि दुपार यावरचा विनोद तुम्हाला सुचेल. तो सगळ्यांना सुचून झालेला आहे. वेळा प्रत्येक बागेच्या वेगळ्या असतात आणि फाटकावर लिहिलेल्या असतात. त्या आदल्या दिवशी वाचून ठेवाव्यात. कुलूप लागलेल्या फाटकाच्या गजांतून आतला रिकामा झोपाळा दिसतो आणि त्या क्षणी तुमच्या मुलाला जगात दुसरं काहीच नको असतं.

निघण्यापूर्वी सगळ्यांनी घरीच 'जाऊन' यावं. 'मला नाही आलेली' असं म्हणणाऱ्याला आधी पाठवावं. बागेतल्या स्वच्छतागृहाबद्दल या पुस्तिकेत यापेक्षा जास्त लिहिणार नाही.

बरोबर काय घ्यावं

पाण्याची बाटली, एक जुना पंचा आणि मुलांच्या अंगावर घरी आल्यावर सरळ भिजत टाकता येतील असे कपडे. हाफ पँटऐवजी पूर्ण लांबीची पँट घालावी, कारण उन्हात तापलेली पत्र्याची घसरगुंडी उघड्या मांड्यांना चटका देते. हल्ली बहुतेक ठिकाणी प्लॅस्टिकच्या आल्यात, त्या तापतात तर तापतातच, वर घसरताना मुलांचे केस ताठ उभे राहतात आणि खाली हात लावायला गेलेल्या आईला बारीकसा झटका बसतो. आधी आपल्या हाताची मागची बाजू टेकवून पाहावी, मग मुलाला वर चढू द्यावं.

घरून खेळणं नेऊ नये. न्यायचंच असेल तर ते सार्वजनिक झालं असं समजून न्यावं. दोन मिनिटांत तुमचा चेंडू सहा जणांचा होतो आणि सातवा येऊन तुमच्याच मुलाला सांगतो, 'तू लाँग ऑनला जा.'

प्रवेश

फाटकातून आत आलात की पाट्या लागतात. फुले तोडू नयेत, हिरवळीवर बसू नये, ठरावीक वयावरच्या मुलांनी खेळणी वापरू नयेत. पाट्या वाचण्याचं काम इंग्रजी माध्यमातल्या मुलाला द्यावं. पहिलीपासून घरात जेवढं मराठी वाचून झालं नसेल, तेवढं इथे दहा मिनिटांत होतं. बाकांवरही मजकूर असतोच. अमुक माननीयांच्या विकासनिधीतून, तमक्यांच्या स्मरणार्थ. 'बाबा, विकासनिधी म्हणजे काय?' या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवावं किंवा घसरगुंडीकडे बोट दाखवावं.

कडेची फरसबंद वाट चालणाऱ्यांची आहे. ती ओलांडताना दोन्हीकडे बघावं. तिथे पांढरे बूट घातलेले काका ठरलेल्या दिशेने ठरलेल्या फेऱ्या मारत असतात आणि मध्ये आलेलं मूल त्यांच्या हिशेबात बसत नाही. खुल्या व्यायामशाळेचंही तसंच. मुलांना ती यंत्रं म्हणजे बागेतली सर्वांत चांगली खेळणी वाटतात आणि मनातल्या मनात आपल्यालाही तसंच वाटतं. पण गुडघ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून आलेल्या आजी रांगेत उभ्या असतील तर मुलांना खाली उतरवावं. आजी काही बोलणार नाहीत. त्या नुसत्या उभ्या राहतील.

झोपाळ्याचा कायदा

या प्रकरणावर नवशिक्यांनी विशेष लक्ष द्यावं, कारण इथेच सगळे नापास होतात.

झोपाळे बहुधा दोन असतात, त्यातला एक तुटलेला. उरलेल्यावर रांग असते, पण ती डोळ्यांना दिसत नाही. एक जण खांबाला लटकलेला असतो, दुसरी चार हातांवर मातीत घर काढत बसलेली असते, तिसरा पाणी प्यायला गेलेला असतो आणि तरीही प्रत्येकाला आपला नंबर पाठ असतो. तुम्हाला वाटतं झोपाळा मोकळा होतोय, म्हणून तुम्ही मुलाला पुढे करता, आणि चहूबाजूंनी एकदम आवाज उठतो.

प्रत्येक बागेत दहा-अकरा वर्षांची एक मुलगी असते. तिला कुणी नेमलेलं नसतं. तिच्याकडेच सगळा कारभार असतो.

'काकू, याचा नंबर नाहीये. तो फ्रॉकवालीच्या मागे आहे.'

'अगं, तो पाहुणा आहे ना, परवा जाणार आहे.'

'मग आज मागे उभा राहू दे. उद्या आहे ना तो!'

यावर तुमच्याकडे उत्तर नसतं. तिला शरण जावं आणि बाकावर जाऊन बसावं.

दर एकाला पंचवीस झोके, असा दर बऱ्याच ठिकाणी चालतो. काही बागांत तीस. मोजणी सगळ्यांनी मिळून मोठ्याने करायची असते आणि गंमत मोजणीतच असते. रांगेतली मुलं 'एक दोन तीन चार' एका श्वासात म्हणतात, झोपाळ्यावर बसलेला मात्र प्रत्येक आकडा चवीने उच्चारतो. रांगेचं बावीस होतं तेव्हा त्याचं अजून चौदाच झालेलं असतं. मग भांडण. मग ती मुलगी येते, 'अठरापासून' असा निवाडा देते आणि अठरापासून पुन्हा सुरू होतं. न्यायालयांत एवढ्या झटपट निकाल लागत नाहीत.

मोठ्यांनी यात पडू नये. 'आमच्या सोसायटीत तर वेळ लावून खेळतात' हे वाक्य तर तोंडातूनच काढू नये. न्यू जर्सीहून आलेल्या एका आईने आमच्याकडच्या झोपाळ्याची साखळी ओल्या कागदी रुमालाने पुसायला घेतली होती. रांगेने तिला शांतपणे पुसू दिलं आणि साखळी चकचकीत झाल्यावर ज्याचा नंबर होता तो बसला. तिच्या मुलाचा होता सातवा.

ओळखी

मुलांची ओळख करून द्यायला जाऊ नये. 'बाळा, याला खेळायला घेशील का?' असं विचारलंत की समोरचा मान हलवतो आणि पळून जातो. दोन मुलं एकमेकांना नाव न विचारता तासभर खेळतात, विचारलंच तर 'तू कितवीत?' एवढंच. पकडापकडीत तुमच्या धाकट्याला 'लिंबूटिंबू' केलं तर अपमान समजू नये. त्याने पळायचं सगळ्यांसारखंच असतं, फक्त राज्य त्याच्यावर येत नाही. अशी सवलत मोठेपणी कुठल्याच खात्यात मिळत नाही.

खरी परीक्षा बाकावर असते. शेजारी एक आजी येऊन बसतात.

'कुठून आलात?'

'ठाण्याहून.'

'ठाण्यात कुठे?'

'घोडबंदर रोडला.'

'मग लांबच की. कुणाकडे उतरलात?'

तुम्ही नाव सांगता. आजींचा चेहरा उजळतो. 'म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे! त्यांनी स्वयंपाकघर नवीन केलं ना दिवाळीत? कितीला पडलं?'

इथे मूल पडल्याचं निमित्त करून उठावं. ते खरोखरच पडलेलं असण्याची शक्यता बरीच असते.

खेळणी संपल्यावर

रांग फार मोठी असेल किंवा खेळणी मोडलेली असतील तर नवशिक्याचा धीर सुटतो. सोडू नये. मे महिन्यात गुलमोहर ऐन भरात असतो आणि त्याच्याखाली पडलेल्या मालाला कुठलीच पाटी लागू होत नाही. तो तोडलेला नसतो, पडलेला असतो.

आईबापांनी हे तंत्र येत नसेल तर शिकून घ्यावं. एक कळी घ्यायची आणि अलगद उघडायची. बाहेरची पाच दलं बाहेरून हिरवी आणि आतून लाल असतात. ती सोलून, जराशी ओली करून बोटांना चिकटवली की हडळीची नखं तयार. फुलाच्या पाच पाकळ्यांतली एक इतरांपेक्षा वेगळी, पांढरट-पिवळी आणि लाल ठिपक्यांची असते. आमच्या पिढीने ती आंबट म्हणून खाल्लेली आहे. उरले दहा पुंकेसर. प्रत्येकाच्या टोकाला एक छोटं डोकं असतं. हे कोंबडे. तुझ्या कोंबड्याची मान माझ्या कोंबड्याच्या मानेत अडकवायची आणि खेचायचं. ज्याचं डोकं उडालं तो हरला. एका कळीत दहा कोंबडे म्हणजे दोघांना पाच-पाच, भांडायला जागा नाही. गुलमोहर मूळचा मादागास्करचा आहे, हे मुलांना कोंबडे संपल्यावर सांगावं. आधी सांगितलं तर ती शाळा वाटते.

गेल्या वर्षीच्या काळ्या शेंगा सापडल्या तर तलवारी झाल्याच. त्या घरी न्यायच्या की नाही यावर फाटकापाशी वाद होतो. न्याव्यात. वहिनींच्या दिवाणखान्यात एक तलवार काय जड आहे?

पुढची इयत्ता : सारसबाग

गल्लीतली बाग जमू लागली की सारसबागेला हात घालावा. प्रवेश तिथेही फुकटच, पण पसारा मोठा.

पर्वतीच्या पायथ्याशी नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकात तळं करवलं आणि मधोमध एक बेट राखलं. बेटावर गणपती आला, म्हणून तो तळ्यातला गणपती. विसाव्या शतकात तळं बुजवून बाग झाली. आता गणपती तळ्यातला आहे आणि तळं नाही. मोठ्यांना यात काही विशेष वाटत नाही. मुलं मात्र लगेच विचारतात, 'मग मासे कुठे गेले?' थंडीत या गणपतीला स्वेटर आणि कानटोपी घालतात, हेही त्यांना सांगावं. मे महिन्यात त्याला उकडत असेल का, यावर देवळाच्या पायऱ्या उतरेपर्यंत चर्चा पुरते.

सारसबागेला लागूनच पेशवे पार्क आहे. तिथली फुलराणी ही मुलांची गाडी 1956 सालापासून धावते आहे. तिला तिकीट आहे, तेव्हा फुकटच्या तत्त्वाला तेवढा अपवाद करावा. आजोबा बरोबर असतील तर त्यांना गाडीत मुलांशेजारी बसवावं आणि आपण बाहेर राहून फोटो काढावेत. खाली उतरल्यावर आजोबा सगळ्यांना पार्कात फिरवतात. 'इथे वाघ होता. इथे माकडं. त्या तिथे मोर.' मुलं निमूटपणे रिकाम्या जागांकडे बघतात. प्राणी नव्वदच्या दशकाच्या शेवटी कात्रजला हलवले, ही गोष्ट आजोबांना मान्य नाही, किंवा मान्य असली तरी त्यामुळे त्यांच्या फेरीत फरक पडत नाही. त्यांना पूर्ण करू द्यावी. खरे वाघ बघायला कात्रजला जायचं तर बुधवार सोडून जावं, तेव्हा ते बंद असतं.

पर्वती समोर दिसते म्हणून त्याच संध्याकाळी वर चढायचा बेत करू नये. पायऱ्या 103 आहेत. मुलं चढतील. उतरताना धाकटं खांद्यावर असेल.

फाटकाबाहेर

बाग फुकट असते ती फाटकाच्या आत. बाहेर फुगे, भिरभिरी, साबणाच्या फुग्यांच्या बाटल्या, म्हातारीचे केस, गोळा, भेळ अशी सगळी फळी तयार असते. यांतला कुणीही तुमच्याकडे बघत नाही. भिरभिरंवाला भिरभिरं बरोबर मुलाच्या नाकासमोर धरतो आणि त्याच्यावर फुंकर मारतो. त्याने धंदा करावा आणि आपण आपलं धोरण ठरवावं. एकच वस्तू, ती बाहेर पडताना, आणि कुठली ते मुलाने आत असतानाच सांगायचं. साबणाच्या फुग्यांची बाटली मात्र टाळावी. पहिल्या तीन फुंकरीनंतर ती सांडते आणि उरलेला रस्ता रडण्यात जातो. गोळा घ्यायचा तर काला खट्टा घेऊ नये. आजीला 'काही खाल्लं नाही' असं सांगताना जीभ जांभळी असणं बरं दिसत नाही.

भेळ मोठ्यांनी घ्यावी. 'मुलांसाठी आहे, तिखट कमी' असं सांगून घेतली तरी ती तुम्हीच खाणार हे भेळवाल्याला कळतं आणि तो नेहमीसारखीच करतो. खाल्ल्यावर कागद कचरापेटीत टाकावा. पेटी भरून वाहत असेल तर घरी न्यावा. पेटी भरली होती ही सबब माळीदादा गेली कित्येक वर्षं ऐकत आलेत आणि सकाळी वाकून उचलतही आलेत.

बाहेर कसं पडावं

'पाच मिनिटांत निघायचं हं' असं सांगण्यात अर्थ नाही. मुलाला पाच मिनिटं म्हणजे किती ते कळत नाही, आणि खरं सांगायचं तर तुम्हीही ती पाळत नाही. त्याऐवजी 'आता तीन घसरगुंड्या' असं सांगावं. तीन त्याला मोजता येतात. तिसरी झाल्यावर चौथीची मागणी येईल, ती द्यावी आणि पाचवीला ठाम राहावं. म्हणूनच सुरुवात तीनने करायची.

तेवढ्यानेही जमलं नाही तर बाग बंद होईपर्यंत थांबावं. रखवालदाराची शिट्टी वाजली की भल्याभल्या हट्टी मुलांना बूट सापडतात. आई सांगते तेव्हा ती इच्छा असते, शिट्टी वाजते तेव्हा तो नियम असतो, हा फरक त्यांना कुणी शिकवलेला नसतो. जाताना रखवालदाराला 'येतो काका' म्हणायला लावावं. उद्या चेंडू भिंतीपलीकडे गेला तर तोच काढून देणार आहे.

आता पुणेकर वाचकांसाठी. पुढच्या आठवड्यात तुमच्या बागेत अनोळखी मुलं दिसतील, कुणी नागपूरची, कुणी बदलापूरची, चार दिवसांसाठी आलेली. रांगेत तुमची मुलं असतील तर त्यांना एवढंच सांगा, की पाहुण्याचे पंचवीस झोके जरा हळू मोजा.